मामू, गाडीचा आवाज कसा होता?

आमच्या देवगाव रंगारीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर जीपने नाहीतर एस.टी.ने लासूर स्टेशन गाठायचे. अशा गावात एक मुलगा गेली काही वर्षे रोज रात्री रेल्वे बांधतो आहे, असे सांगितले तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. मुलगा माझ्या बहिणीचा. दिवसा मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि रात्री जेवण झाले की संगणकासमोर बसतो. कुणी विचारले की आमचे दुल्हेभाई, म्हणजे त्याचे वडील, दोनच शब्दांत उत्तर देतात, "गेम खेळतो."

एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मामू, तुम्ही कॉलेजला असताना लासूरहून औरंगाबादला मीटर गेजच्या गाडीनं जायचात ना? त्या गाडीचा आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे? खडाड खट, खडाड खट."

"तो तर सगळ्याच गाड्यांचा. हिचा कसा होता?"

मी शब्द जुळवणारा माणूस, पण गप्प बसलो. बी.ए.ची तीन वर्षे दर शनिवारी मी त्या गाडीने घरी आलो, दर सोमवारी परत गेलो, आणि तिचा आवाज मला सांगता येत नव्हता. हा मुलगा नेमके काय करतो आहे ते आधी समजून घ्यावे, असे मला त्या दिवशी वाटले. जे समजले ते आज तुम्हाला सांगतो.

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे संगणकावर आगगाडी चालवण्याचा खेळ. यात कुणाला मारायचे नसते की शर्यत जिंकायची नसते. सिग्नल पाळत, वेळ सांभाळत, धक्का न देता गाडी पुढच्या स्टेशनात आणून उभी करायची, एवढेच. मायक्रोसॉफ्टचा असा खेळ २००१ साली आला. तो घडवला होता ब्रिटनच्या कुजू या कंपनीने. त्यात सहा मार्ग होते. दोन अमेरिकेतले, दोन जपानमधले, एक इंग्लंडचा आणि एक ऑस्ट्रियाचा. भारतातला एकही नव्हता.

पण खेळ करणाऱ्यांनी एक दार उघडे ठेवले होते. नवा मार्ग, नवे इंजिन, नवे डबे तयार करायची साधने त्यांनी खेळाबरोबरच दिली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ट्रेन्झ नावाच्या खेळातही अशी सोय होती. मग जगभरचे हौशी लोक कामाला लागले. आपल्याकडच्या मुलांनी डब्ल्यूडीएम-२ हे वाराणसीच्या कारखान्यातले ओळखीचे डिझेल इंजिन केले, निळे डबे केले, घाट आणि स्टेशने केली. पगार कुणालाच नाही. करायचे आणि दुसऱ्याला फुकट द्यायचे.

भाच्याने ठरवले होते मनमाड ते औरंगाबाद, सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग. तोही आजचा नव्हे, मीटर गेजच्या दिवसांतला. १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड–हैदराबाद हा मार्ग सुरू झाला तेव्हा रुळांमधले अंतर एक मीटर होते. नव्वदच्या दशकात तो आपल्या भागात ब्रॉड गेज झाला. आता तर वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली, ती याच मार्गावरून. मीटर गेजची गाडी भाच्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणूनच ती त्याला करायची होती.

पहिली अडचण जमिनीची. रूळ टाकायचे तर आधी जमीन हवी, तिचे चढउतार हवेत. हे कुठून आणायचे? फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. ती मोजमापे सगळ्यांना मोफत मिळतात. अमेरिकेबाहेरच्या प्रदेशासाठी सुरुवातीला दर ९० मीटरवर एक उंची मिळत होती. २०१४नंतर ३० मीटरची मिळू लागली, पण भाच्याने काम सुरू केले ते त्याच्याकडे असलेल्या ९० मीटरच्या जुन्या आकड्यांवर.

९० मीटरला एक आकडा म्हणजे काय, हे मला दौलताबादने शिकवले. देवगिरीचा डोंगर तुम्ही गाडीतून पाहिला असेल. खालचा कडा चहूबाजूंनी उभा तासलेला, पाल चढायला कचरेल असा. संगणकाला कड्याच्या पायथ्याची एक उंची मिळाली आणि ९० मीटरवर दुसरी. मधे काय आहे ते त्याला ठाऊक नाही. त्याने दोन्ही बिंदू सरळ रेषेने जोडले. ज्या कड्यापुढे फौजा थांबल्या तो कडा शेळी चरत चढून जाईल असा उतार झाला. भाच्याने मला दाखवले तेव्हा मी म्हणालो, "हा तर आपल्या गावाबाहेरचा माळ दिसतोय."

मग हाताने दुरुस्ती. या खेळात जमिनीचे २,०४८ मीटरचे चौकोन असतात आणि प्रत्येकात दर आठ मीटरवर एक बिंदू असतो. बिंदू धरून वर ओढायचा किंवा खाली दाबायचा. एका देवगिरीसाठी त्याचे दोन महिने गेले. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले अजून व्हायचेच आहेत. अख्ख्या मार्गाला असे निदान ५५ चौकोन लागतात, आणि रूळ काही सरळ रेषेत जात नाहीत म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. शेवटी त्याने मार्ग आखडता घेतला. लासूर, पोटूळ, दौलताबाद, बस्स. या छंदात बहुतेक मार्ग अर्ध्यावर राहतात ते याच कारणाने, असे तो म्हणतो. माणूस आधी अख्खा नकाशा मनात धरतो आणि मग एकेका बिंदूशी गाठ पडते.

जमीन झाली की रूळ. खेळातले रूळ लहान मुलांच्या गाडीसारखे ठरावीक तुकड्यांचे असतात. सरळ तुकडे ठरावीक लांबीचे, वळणे ठरावीक त्रिज्येची. खरा इंजिनिअर वळण घालतो ते हळूहळू आवळत नेतो, नाहीतर डब्यातला माणूस एका बाजूला फेकला जाईल. तयार तुकड्यांत ते हळूहळू आवळणे नसते. शिवाय खेळाबरोबर येणारे रूळ युरोप-अमेरिकेतल्या मापाचे, १,४३५ मिलिमीटरचे. आपले ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटर आणि मीटर गेज १,००० मिलिमीटर. खेळात गाडी रुळाच्या मध्यरेषेवरून पळते, म्हणून माप चुकले तरी ती घसरत नाही. पण डोळ्याला दिसते की चाक रुळावर नाही, शेजारी हवेत तरंगते आहे. म्हणजे रुळांचा प्रत्येक तुकडा, प्रत्येक सांधा, प्रत्येक स्लीपर नव्याने करणे आले.

मग झाडे. खेळात झाड म्हणजे दोन सपाट चित्रे, बेरजेच्या चिन्हासारखी एकमेकांत अडकवलेली. खेळाबरोबर आलेली झाडे तिकडची, पाइनसारखी सुईच्या पानांची. पोटूळच्या माळावर पाइन उभे राहिलेले पाहून मला हसू आवरेना. भाच्याने बाभळीचे आणि कडुनिंबाचे फोटो काढले, आभाळाचा प्रत्येक कवडसा पानांमधून कापून काढला. बाभूळ कापणे सगळ्यांत कठीण, कारण तिच्यात पानांपेक्षा आभाळच जास्त.

ऋतूंची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. या खेळात चार ऋतू आहेत. वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा. हिवाळ्यात बर्फ पडतो. पावसाळा हा ऋतूच नाही! पाऊस पडताना दाखवता येतो, पण पावसाने बदललेली जमीन ठेवायला वेगळा कप्पा नाही. मराठवाड्यात मे महिन्यातली काळी-करडी जमीन आणि ऑगस्टमधली हिरवी जमीन ही दोन वेगळी गावे असतात. भाच्याने पानगळीच्या कप्प्यात आपला पावसाळा भरला. आता त्याच्याकडे श्रावण हवा असेल तर यादीत पानगळ निवडावी लागते.

मराठी पाट्यांनीही त्याला छळले. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे लिहायची. पण चित्र काढायच्या जुन्या प्रोग्रॅमना देवनागरीची घडण कळत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाते, जोडाक्षर जुळते, हे त्यांना ठाऊक नाही. 'अंकाई किल्ला' लिहिले की 'किल्ला' ढासळलेला दिसायचा, वेलांटी भलतीकडे आणि ल पाय मोडलेला. शेवटी त्याने माझ्याकडून ब्रशने अक्षरे लिहून घेतली आणि त्यांचा फोटो काढून पाटीवर चिकटवला. पोटूळची पाटी माझ्या हातची आहे. एवढा एक वाटा माझाही त्या रेल्वेत आहे.

आता डबे. आमचे घराणे रंगाऱ्यांचे. आजोबा लुगडी रंगवायचे. त्यांच्या बोटांचा रंग मरेपर्यंत गेला नाही. ते म्हणायचे, रंग नव्या कापडावर वेगळा आणि धुतलेल्या कापडावर वेगळा, गिऱ्हाइकाला दोन्ही दाखवावेत. भाच्याने पहिला डबा केला तो तांबडा, चकचकीत, जणू सकाळीच कारखान्यातून आलेला. मी म्हणालो, "आमचा डबा असा नव्हता. खालच्या अंगाला रुळांची धूळ बसून तपकिरी झालेला असायचा. इंजिनाजवळच्या डब्यांच्या टपावर काजळी असायची. दाराच्या दांडीपाशी हात लागून लागून रंग उडालेला असायचा." तो लिहून घेत होता. बोलता बोलता मला आठवत गेले. त्याने विचारले नसते तर आठवले नसते.

डबा करणे म्हणजे आधी त्रिकोणांनी त्याचा सांगाडा बांधायचा आणि मग त्यावर रंगवलेले चित्र गुंडाळायचे. मापे नेमकी हवीत. आजकाल ब्रॉड गेजवर दोन तऱ्हांचे डबे दिसतात. जुना आयसीएफ डबा सुमारे २१ मीटर लांब, नवा एलएचबी सुमारे साडेतेवीस मीटर. काही जण एकाचे चित्र ताणून दुसऱ्यावर चढवतात. आपल्याला कळत नाही, पण जाणकार खिडक्या मोजतो आणि लगेच ओळखतो.

आणि सगळे नेमके केले तरी चालत नाही. भाच्याने लासूरच्या फलाटावरचे बाक केले, त्याचा प्रत्येक नटबोल्ट केला. अशी बारा बाके ठेवली. गाडी लासूरला आली की संगणक धापा टाकायचा आणि पडद्यावरची गाडी उचक्या दिल्यासारखी चालायची. संगणकाला दर सेकंदाला तीस-चाळीस वेळा सगळे चित्र नव्याने काढावे लागते. जितके त्रिकोण जास्त, तितका त्याला उशीर. म्हणून एकाच वस्तूची दोन-तीन रूपे करतात. जवळून दिसणारे भरीव आणि लांबून दिसणारे ढोबळ. ड्रायव्हरला जे दिसणारच नाही ते करायचेच नाही. त्याने नटबोल्ट काढून टाकले त्या रात्री तो माझ्याशी धड बोलला नाही. चांगली ओळ कवितेत बसत नाही म्हणून खोडावी लागते तेव्हा माझेही असेच होते.

मोजमापांसाठी फिरावे लागते. जुन्या दगडी इमारती, पाण्याची टाकी, क्वार्टर अजून कुठे कुठे उभी आहेत. एका स्टेशनवर हा टेप घेऊन फलाटाची कड ते भिंत हे अंतर मोजत होता. गणवेशातल्या एकाने हटकले. "कशाला मोजतोस?" "गेमसाठी." हे उत्तर कुणालाही पटण्यासारखे नाही, हे मी मान्य करतो. पण नाव सांगितल्यावर प्रश्न वाढले, हे मी इथे सांगितले नाही तर गोष्ट अर्धी राहील. दोन तास बसवून ठेवले. शेवटी तिथलेच एक वयस्क कर्मचारी आले, त्यांनी मोबाइलवर त्याचे काम पाहिले आणि म्हणाले, "अरे, मागची कंदिलांची खोली राहिली की!" ती त्यांनी स्वतः नेऊन दाखवली. तेव्हापासून भाचा एकटा जात नाही. आधी विचारतो, मग मला बरोबर नेतो. पांढरी दाढी आणि खांद्याला झोळी असली की माणूस निरुपद्रवी वाटतो.

आता त्या आवाजाकडे येतो. डब्याखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन गाडे असतात, प्रत्येकाला चाकांच्या दोन जोड्या. रेल्वेच्या भाषेत त्या गाड्याला बोगी म्हणतात. आपण डब्यालाच बोगी म्हणतो. दोन रुळांच्या सांध्यात थोडी फट असते, उन्हात लोखंड वाढते म्हणून सोडलेली. तिच्यावरून एका गाड्याची दोन चाके जातात तेव्हा खट-खट. मग या डब्याचा मागचा गाडा आणि पुढल्या डब्याचा पुढचा गाडा जवळजवळ असतात, म्हणून चार ठोके लागोपाठ. मीटर गेजचा रूळ साधारण १२ मीटरचा. ताशी ४० किलोमीटरने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे सेकंदाला साधारण एक सांधा. नव्या मार्गावर रूळ वितळवून लांबच लांब जोडतात, तिथे हे ठोके उरले नाहीत. मी आयुष्यभर अक्षरांचे ठोके मोजले, पण हा हिशेब मला भाच्याने समजावला.

पण हिशेब म्हणजे आवाज नव्हे. खेळाला खरा आवाज लागतो, ध्वनिमुद्रित केलेला. दुसऱ्या मार्गावरचा उचलून चालत नाही, कारण इंजिन वेगळे, डबे वेगळे, वेग वेगळा. आणि आमची गाडी तर गेलेली.

तेव्हा मला कॅसेट आठवली. १९८९ साली मी मित्राचा टेपरेकॉर्डर घेऊन गाडीत बसलो होतो. आम्ही चार-पाच जण कविता लिहायचो. लासूर ते औरंगाबाद एकमेकांना ऐकवत गेलो आणि ते टेप केले. घरी येऊन ऐकले तर कविता कमी आणि गाडीच जास्त. मी चिडून ती कॅसेट बहिणीच्या ट्रंकेत टाकली होती. ती निघाली. फीत चिकटली होती, भाच्याने पेन्सिलीने फिरवून मोकळी केली. बटण दाबले, आणि छत्तीस वर्षांपूर्वीचा मी, मोठ्या आवाजात, फार वाईट कविता म्हणत होतो. मागे गाडी चालली होती.

भाच्याने डोळे मिटून ऐकले. मग म्हणाला, "मामू, राग येणार नसेल तर तुम्हाला काढून टाकतो."

त्याने मला काढून टाकले. माझ्या मित्रांनाही काढून टाकले. त्यातले दोघे आता हयात नाहीत, म्हणून मूळ कॅसेटची एक प्रत मी आधी करून घेतली. कुणी बोलत नाही, खोकत नाही, चहावाला ओरडत नाही, अशी सलग नऊ सेकंदे मिळाली. नऊ सेकंदांचा तुकडा खेळात पुन्हा पुन्हा वाजवायचा असतो. शेवट सुरुवातीला जुळला नाही तर दर नऊ सेकंदांनी कानाला ठेच लागते. तो जुळवायला त्याला तीन आठवडे लागले.

एवढे करून हातात काय येते? पैसा नाही. नाव येते, तेही कधीकधी. त्याने आपले तांबडे डबे तयार करून लोकांना दिले होते, फुकट. एकाने ते घेतले, बरोबरच्या माहितीतले भाच्याचे नाव पुसून स्वतःचे घातले आणि पैसे घेऊन वाटले. भाचा मला म्हणाला, "मामू, मी कुणाकडं एक रुपया मागितला नव्हता. नाव तेवढं होतं." चार महिने त्याने संगणक उघडला नाही. मी त्याला सांगितले की एका कविसंमेलनात मी श्रोत्यांत बसून माझीच कविता दुसऱ्याच्या तोंडून, त्याच्या नावाने ऐकली आहे. टाळ्याही वाजल्या. त्याने विचारले, "मग तुम्ही काय केलं?" मी म्हणालो, "घरी आलो. दुसरी लिहिली." त्याला हे उत्तर फारसे आवडले नाही. मलाही आवडत नाही.

तो स्वतः मात्र नेमाने वागतो. त्याच्या डब्याखालची चाके दुसऱ्या कुणी केलेली आहेत. ती वापरण्याआधी त्याने पत्र पाठवले आणि परवानगी येईपर्यंत महिनाभर थांबला. एक जुना सिग्नल त्याला फार आवडला होता, पण करणाऱ्याने बजावून ठेवले होते की विचारल्याशिवाय वापरू नये. विचारायला गेला तर पत्ता बंद. माणूस आहे की नाही तेही कळेना. त्याने तो सिग्नल सोडला आणि नवा केला.

खुद्द खेळावरच एकदा गदा आली होती. मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती दोनदा जाहीर केली आणि दोनदा रद्द केली. दुसऱ्या वेळी, २००९मध्ये, ती करणारा विभागच बंद झाला. हजारो लोकांनी रात्री जागून केलेले काम उद्या नव्या संगणकावर उघडेल का, हा प्रश्न होता. तेव्हा हौशी प्रोग्रॅमरांनी ओपन रेल्स नावाचा मोफत प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो जुन्या खेळासाठी केलेले मार्ग आणि गाड्या वाचू शकतो. २०१५मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. भाच्याची रेल्वे त्यावरच धावते. त्याचा जन्म झाला त्या सुमाराच्या फायलींच्या पद्धतीत तो अजून काम करतो आहे.

गेल्या हिवाळ्यात काम दाखवण्याजोगे झाले. लासूरजवळच्या खेड्यात एक निवृत्त गँगमन राहतात, ऐंशीच्या पुढचे. त्यांना आम्ही घरी आणले. दुल्हेभाईंनी खुर्ची दिली आणि स्वतः दारात उभे राहिले. भाच्याने गाडी सुरू केली. बाभळी गेल्या, माळ गेला, लासूरचा फलाट आला. आजोबा कौतुकाने काही बोलतील म्हणून आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

ते एकदम ओरडले, "आरं, सिग्नल पडला नाही, अन् गाडी आत आली कशी?"

जुन्या सिग्नलचा हात आडवा असला की थांबा आणि खाली पडला की या. आपण अजून गाडी येणार म्हटले की 'सिग्नल पडला' म्हणतो, ते तिथूनच आले. भाच्याच्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीची चूक राहिली होती. हात आडवाच होता. आजोबा इतके घाबरले की खुर्चीतून अर्धे उठले.

मग त्यांनी एकेक काढायला सुरुवात केली. एकेरी मार्ग आहे, तर ड्रायव्हरने टोकन कुणाला दिले? वेताच्या रिंगणात अडकवलेला तो लोखंडी गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. ती देवघेव खेळात करायची सोय नाही, हे भाच्याने सांगितले. आजोबांना पटले नाही. घंटा कुठे आहे? रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, तो वाजवायचे. भाचा लिहीत होता. शेवटी आजोबा म्हणाले, "शिवनेच्या पुलावर आवाज बदलतो. खाली जमीन नसती ना. तुझा एकसारखाच हाय."

कॅसेट आम्ही पुन्हा ऐकली. पुलावरून गाडी जाते तेव्हा मी नेमका कवितेच्या शेवटच्या कडव्यावर होतो, पूर्ण जोरात. पूल माझ्याखाली दबून गेला आहे. भाच्याने खूप प्रयत्न केला, पण माझा आवाज वेगळा होत नाही.

म्हणून आज या निमित्ताने तुम्हाला एक विनंती करतो. नव्वदच्या आधी मनमाड-औरंगाबाद मार्गावरून प्रवास करताना कुणी काही टेप केले असेल, लग्नाची वरात असो, भजन असो की लेकराचे रडणे, तर ती कॅसेट फेकू नका. मागे कुठेतरी तो पूल असेल. जुने फोटो असतील, ज्यात तुमच्या काकांच्या मागे सिग्नलचा खांब किंवा डब्याची खिडकी आली असेल, तेही ठेवा. तुमच्या गावातही एखादा मुलगा रात्री जागत असेल. त्याला रागावण्याआधी तो काय करतो ते एकदा शेजारी बसून पाहा. त्याला सांगण्यासारखे तुमच्याकडे काहीतरी निघेल.

परवा सकाळी मी बहिणीकडे गेलो होतो. अंगणात शेजाऱ्याने दुल्हेभाईंना विचारले, "पोरगा अजून झोपलाय व्हय?"

दुल्हेभाई म्हणाले, "रात्री जागलाय. लासूरचं स्टेशन करायलाय."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)